अर्धाच सांगितलेला मसला

रियाधमध्ये आमच्या खेडकडच्या माणसांची दोन मंडळं आहेत. आधी एकच होतं. दुसरं निघालं ते जमालुद्दीन परकारांमुळे, आणि ते स्वतः दोन्हींपैकी एकाचेही सभासद नाहीत.

झालं असं, की मंडळाच्या वार्षिक जेवणासाठी आम्ही शहराबाहेर एक इस्तराहा भाड्याने घेतला होता. इस्तराहा म्हणजे सुट्टी घालवायचं घर, पोरांना डुंबायला तलाव आणि बायकांना वेगळी खोली. दम्मामहून बर्फात घालून खेकडे, आमच्या भाषेत चिंबोऱ्या, आणल्या होत्या. टोप खाली उतरला, वास सुटला, माणसं ताटं घेऊन उभी राहिली, आणि जमालभाई शांतपणे म्हणाले, "एक मसला सांगायचा राहिला." धर्माच्या एखाद्या प्रश्नाच्या निकालाला आमच्यात मसला म्हणतात. मसला असा होता, की चिंबोरी पाण्यात राहते आणि जमिनीवरही फिरते, आणि आपल्या शाफई पंथाच्या किताबांत असल्या जनावराला मनाई आहे. एकाने सांगितलं, चिंबोरी पाण्याबाहेर मरते. दुसऱ्याने सांगितलं, त्याच्याकडे एक बादलीत कोरडी ठेवलेली आठवडाभर जगली होती. संध्याकाळपर्यंत वाद चालला. ज्यांनी चिंबोऱ्या खाल्ल्या त्यांचं जुनं मंडळ, आणि जे उपाशी घरी गेले त्यांचं नवं.

मी मुस्तफा. मी खाल्ल्या होत्या.

मी शहरातल्या अल सुलै भागात गाड्यांच्या सुट्या भागांच्या गोदामात आहे आणि जमालभाई शेजारच्या टाइल्सच्या गोदामात स्टोअरकीपर. आम्ही एकाच गावचे, हारा वस्तीत एकाच इमारतीत राहतो, म्हणून कामाला माझ्याच गाडीतून जातो. गाडी माझी, पेट्रोल निम्मं निम्मं, पण रेडिओ बंद. गाणी लावायची नाहीत, कुणाच्या मागे बोलायचं नाही, आणि समोरच्याने इंडिकेटर न देता गाडी घातली तरी शिवी द्यायची नाही. रियाधच्या ट्रॅफिकमध्ये शिवी न देता गाडी चालवणं काय असतं ते मला विचारा.

ते मदरशात शिकलेले पक्के आलिम आहेत. अरबी अशी बोलतात की गोदामातले सौदी ड्रायव्हर दचकतात, कारण ती अरबी किताबातली आहे, बाजारातली नाही. शुक्रवारी त्यांच्या बैठकीच्या खोलीत आम्ही काही घरं जमतो आणि ते मराठीतून मसले समजावतात. आपल्या पोरांना उर्दू येत नाही आणि अरबी कळत नाही, तर धर्म काय खुणांनी शिकवायचा, असं त्यांचं म्हणणं. पोरांना मराठीही धड येत नाही, पण हे त्यांना सांगणार कोण?

त्यांचे वाद मोजायला बसलो तर शुक्रवार पुरणार नाही. लग्नात हळद लागली म्हणून ते नवरदेवाच्या मामाला न भेटता निघून गेले, आणि तो मामा त्यांचा सख्खा मेहुणा होता. त्यांच्या धाकट्या मुलाने, तल्हाने, वाढदिवसाला केक मागितला, तर त्याला केकचा इतिहास ऐकावा लागला. तल्हा म्हणाला, "इट्स जस्ट केक, अब्बा." केक आला नाही. गावी कुणी कबरीशी बोलताना दिसला, की ते तिथेच थांबवत. "मेलेल्याला सलाम करा, दुआ मागा आणि घरी जा. तो गप्पा मारायला बसलेला नाही." एका म्हातारीने यावर त्यांच्या अंगावर चप्पल उगारली होती.

पण एक आहे. जो मसला ते दुसऱ्याला लावतात तो आधी स्वतःला लावतात, आणि म्हणूनच माणसं त्यांना अजून जेवायला बोलावतात. त्यांच्या इकाम्यावर, म्हणजे इथे राहायच्या परवान्यावर, कैक वर्षं धंदा सुतार लिहिलेला होता. इथे ही काही विशेष गोष्ट नाही. माझ्या ओळखीचा एक अकाउंटंट इकाम्यावर मेंढपाळ आहे. जमालभाईंना मात्र ते खोटं वाटायला लागलं आणि ते बदलून मागायला कफीलकडे, म्हणजे व्हिसा देणाऱ्या मालकाकडे, गेले. कफीलला वाटलं याला पगारवाढ हवी आहे. नको म्हटल्यावर त्याला वाटलं याला बरं नाही. शेवटी त्याने कंटाळून "खलास, खलास" म्हणत बदलून दिलं. चिंबोऱ्यांचंही तेच. त्यांची आई नूरुन्निसाचाची हिच्या हातचं चिंबोरीचं सार आमच्या वाडीत एक नंबर. जमालभाई लहानपणी त्या सारासाठी भावंडांशी मारामारी करायचे. ज्या दिवशी मसला वाचला त्या दिवसापासून त्यांनी ते तोंडाला लावलेलं नाही.

आता नसरुद्दीनचं सांगतो, कारण मुद्दा तोच आहे.

नसरुद्दीन आमच्याच गावचा. उत्तरेकडे हफ्र अल बातिन शहरात त्याचं फौजी गणवेश शिवायचं दुकान आहे. काही वर्षांपूर्वी त्याने आपल्या आईला विझिट व्हिसावर बोलावलं आणि हजच्या दिवसांत, तसरीह म्हणजे सरकारी परवाना न घेता, आडवाटेने मक्केला नेऊन आणलं. असं त्या काळी पुष्कळजण करायचे. परत आल्यावर त्याने रियाधमध्ये मोठी दावत दिली. त्याची आई पडद्यामागे बायकांत बसलेली, पांढरी ओढणी घेऊन, येईल तिच्या हातावर खजूर आणि झमझमचं पाणी ठेवत होती, आणि बायका तिला "हज्जन, हज्जन" करत होत्या. दुआ मागायला जमालभाईंना सांगितलं. दुआच्या आधी ते म्हणाले, "परवान्याशिवाय हजला जाणं गुन्हा आहे. जो परवाना घेऊन रांगेत उभा राहतो, त्याची जागा आपण चोरतो. अशा हजचं काय होतं ते अल्लाहला ठाऊक." मग दुआ मागितली, ती चांगली लांब मागितली.

पडद्यामागे हे सगळं ऐकू गेलं. त्या दिवसापासून म्हातारीने कुणालाही हज्जन म्हणू दिलं नाही. "नको गं, माझा झाला की नाय कोण जाणे," म्हणायची. गावी जाऊनही तेच. पुढच्या पावसाळ्यात ती गेली, आणि नसरुद्दीन सांगायचा की शेवटच्या आजारातही तिने त्याला तेवढंच विचारलं. नसरुद्दीनने जमालभाईंचं तोंड बघणं सोडलं. मला त्या वेळी जमालभाईंचा राग आला होता आणि मी तो गाडीत बोलून दाखवला. ते म्हणाले, "मी खोटं काय बोललो?" खोटं काहीच नव्हतं, म्हणून मी गाडी चालवत राहिलो.

गेल्या साली नूरुन्निसाचाची विझिट व्हिसावर इथे आली. चाचा वारले तेव्हा जमालभाईंनी तिला शब्द दिला होता, की भारतातून हजचा अर्ज भरू नकोस, मी तिकडे आहे, मी नेईन. त्या भरवशावर ती थांबली. पुढे नियम कडक झाले. विझिट व्हिसावाल्याला हजच्या दिवसांत मक्केत पाऊल ठेवायला बंदी आली. आल्या आल्या तिचा उमरा, म्हणजे मक्केची छोटी यात्रा, झाला, पण उमरा म्हणजे हज नव्हे. गुडघे इतके गेलेले की जिना चढताना ती प्रत्येक पायरीवर एकेका नातेवाइकाचं नाव घ्यायची. पुढच्या साली तिला चालता येईल असं डॉक्टरही म्हणत नव्हता. मक्का एका दिवसाच्या रस्त्यावर, मुलगा आलिम, आणि तिला जाता येईना. सगळी बिल्डिंग बघत होती, आता जमालभाई काय करतात.

आणि एका शुक्रवारी, दुपारच्या नमाजानंतर, नसरुद्दीन दारात उभा राहिला. मी तिथेच होतो. सलाम जमालभाईंना केला, पण बोलला चाचीशी.

"चाची, मी नेतो तुम्हाला. गाडी माझी. ताइफकडून माझा माणूस आहे, तो पुढचं बघील."

चाचीचा चेहरा उजळला. नसरुद्दीन मग जमालभाईंकडे वळला. "तू येऊ नको. तुझ्या मसल्याला धक्का लागायला नको." यात माया किती आणि टोमणा किती हे मला अजून ठरवता आलेलं नाही. दोन्ही असावं.

जमालभाई म्हणाले, "नाही. अम्माला असं नेता येणार नाही."

"तू थांब," चाची म्हणाली. "मना बोलू दे." तिने पाय सरळ केले, ओढणी नीट केली. "मना एक सांग. नसरूच्या आईचा हज झाला की नाय?"

जमालभाईंनी सतरंजीकडे बघितलं. त्यांना एखादी टाळाटाळ सुचली असती तर मला बरं वाटलं असतं, पण ती त्यांना येत नाही.

"झाला," ते म्हणाले.

नसरुद्दीनने हातातला चहाचा कप खाली ठेवला. "काय?"

"हजचे सगळे विधी तिने पुरे केले होते. परवाना नव्हता तो गुन्हा वेगळा, त्याची तौबा वेगळी. पण हज झाला. किताबात असंच आहे."

"आणि हे तुला त्या दिवशी ठाऊक होतं?"

"होतं."

"मग का नाय सांगितलंस?" हे चाचीने विचारलं.

"सांगितलं असतं तर सगळेच निघाले असते, अम्मा. पुढच्या साली दहा गाड्या भरून गेल्या असत्या."

मी त्यांच्याबरोबर इतकी वर्षं गाडीत बसलो, ज्याने एक शब्द वावगा जाऊ दिला नाही अशा माणसाबरोबर, आणि त्या माणसाने एका म्हातारीला निम्मा मसला सांगून निम्मा खिशात ठेवला होता. मला वाईट वाटलं. त्याहून वाईट हे, की त्यांच्याकडे बघून त्यांची दयाही आली.

नसरुद्दीन उठला. त्याचा आवाज चढला नाही. "माझी आई वर्षभर रडत होती," तो म्हणाला. "मना नको सांगूस. तिला जाऊन सांग." आणि दारातल्या चपलांत आपली शोधत बसला. ती पटकन सापडली नाही.

मला वाटलं आता चाची बॅग भरणार. मुलाच्याच तोंडून निघालं होतं, हज होतो म्हणून. ती नसरुद्दीनला हाक मारून म्हणाली, "नसरू, मी येत नाय रे. तिचा होऊन ती नाय झाला म्हणून गेली. तिच्या लेकाच्या गाडीत मी कुठल्या तोंडानं बसू?" मग मुलाकडे वळली. "नसरू काय म्हणाला ते ऐकलंस ना? आधी ते कर."

"अम्मा, मेलेल्या माणसाला..."

"ते मना नको शिकवू."

अरफातच्या दिवशी, जेव्हा हाजी मैदानात उभे असतात, चाचीने रोजा धरला आणि दिवसभर टीव्हीसमोर बसली. जमालभाईही रोज्याने होते. ते तिच्या शेजारी बसून तिचे गुडघे दाबत राहिले.

व्हिसा संपल्यावर चाचीला पोचवायला जमालभाईंनी सुट्टी टाकली. माझीही सुट्टी त्याच सुमारास होती आणि नसरुद्दीनही गावात होता. आम्ही त्याच्या आईच्या कबरीवर जातोय, असं मी त्याला कळवलं. येतो म्हणाला नाही, पण कब्रस्तानात आमच्या आधी येऊन उभा होता.

आमचं कब्रस्तान खाडीच्या वर आहे. चाची फाटकाबाहेर रिक्षात बसून राहिली. नसरुद्दीनने बोट करून कबर दाखवली, जरी आम्हा सगळ्यांना ती ठाऊक होती. जमालभाई आधी आत शिरताना सगळ्या कबरींना करतात तो सलाम करून आले होते. आता ते या एका कबरीसमोर उभे राहिले. मी वाट बघत होतो की हे आता काय करणार. मेलेल्याशी बोलू नका म्हणून ज्या माणसाने म्हातारीची चप्पल ओढवून घेतली, तो आता बोलतो कसा? सलाम तेवढा करता येतो, दुआ तेवढी मागता येते.

त्यांनी घसा साफ केला.

"अस्सलामु अलैकुम, हज्जन," ते म्हणाले.

एवढंच. मग हात उचलून दुआ मागितली, मनातल्या मनात, आणि त्यांची दाढी भिजली. नसरुद्दीन आमच्याकडे पाठ करून उभा होता. दुआ संपली तेव्हा त्याने मोठ्याने आमीन म्हटलं.

बाहेर रिक्षात चाचीने विचारलं, "सांगितलंस?"

"सलाम केला. हज्जन म्हणून केला."

"ऐकलान काय तिनं?"

चिंबोरीपासून केकपर्यंत ज्यांच्याकडे सगळ्याचं उत्तर होतं ते जमालभाई रिक्षाची दांडी धरून उभे राहिले.

"मना ठाऊक नाय, अम्मा," ते म्हणाले.

"बरं," चाची म्हणाली. "आता माझा हजचा अर्ज भर." आणि तिने सरकून त्यांना शेजारी जागा करून दिली.