डावा गाल

कांताबाईंचा संशयी स्वभाव रायपूरच्या साऱ्या ब्राह्मणपारा मोहल्ल्याला ठाऊक होता. त्या प्रसादसुद्धा हुंगून खात. नवऱ्यावर मात्र तीस वर्षांत त्यांनी संशय घेतला नव्हता. बाबाराव सरकारी कचेरीतले बाबू, अगदी गाईसारखा गरीब माणूस.

नवं राज्य झालं, भोपाळच्या कचेऱ्यांतली माणसं बदली होऊन रायपूरला आली, तशी शेजारी विमला दीदी राहायला आली. एकटीच, हसतमुख. तिनं लिंबाचं लोणचं पाठवलं. बाबारावांनी फोड तोंडात टाकली आणि त्यांचा डावा गाल लालेलाल झाला, कानापुढे घाम डबडबला. पौषाची थंडी होती.

"विमलाबाईच्या हाताले चव आहे," बाबाराव म्हणाले.

कांताबाईंच्या मनात पाल चुकचुकली. पुढं वर्षभर तेच. कांताबाईंच्या स्वयंपाकात आंबट नसायचंच, पण तिचं लोणचं ताटात आलं की गाल पेटायचा. कांताबाईंना घास गिळवेना. आपला संसार शेजारणीनं नेला, असं त्यांनी ठरवूनच टाकलं. शेवटी घामाचं निमित्त काढून त्या नवऱ्याला डॉक्टरांकडे घेऊन गेल्या.

डॉक्टरांनी गालाला आयोडिन लावलं, वरून पांढरी पूड भुरभुरली. घाम आला की पूड निळी होणार होती. ते लिंबाची फोड बाबारावांच्या जिभेवर ठेवणार, तेवढ्यात कांताबाई पुढं झाल्या.

"थांबा, डॉक्टरसाहेब. आधी मले एक नाव घेऊ द्या."

त्या नवऱ्याच्या कानाशी वाकल्या. "विमला."

पूड पांढरीच राहिली. त्यांनी पुन्हा, मोठ्यानं नाव घेतलं. काही नाही. मग लिंबू जिभेला लागलं आणि गालावर निळाकाळा डाग पसरला.

डॉक्टरांनी समजावलं. दोन वर्षांपूर्वी ऑपरेशन करून बाबारावांच्या कानापुढची गाठ काढली, तेव्हा लाळ सोडणाऱ्या नसा तुटल्या होत्या. परत वाढताना त्या वाट चुकल्या आणि कातडीतल्या घामाच्या ग्रंथींना जाऊन जुळल्या. आता आंबट खाल्लं की लाळेसोबत गालावर घामही येतो.

कांताबाईंचा जीव भांड्यात पडला. हसत त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. बाबाराव हसत नव्हते.

"वर्षभर तू हे पाहून राहिली होतीस?" त्यांनी हळूच विचारलं.

कांताबाई पदरानं त्यांच्या गालावरची पूड पुसू लागल्या.

तेव्हापासून ताटात नुसता वरणभात असला, तरी बाबाराव डावा गाल बायकोकडे करून बसतात. "पाहून घे," म्हणतात, आणि मगच पहिला घास घेतात.