चार पाकिटांची सुगरण

उकडल्यावर पास्ता तिप्पट होतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

लेकीच्या, म्हणजे गौरीच्या वाढदिवसाला तिच्या आठ मैत्रिणी येणार होत्या. मी शंखाच्या आकाराच्या पास्त्याची चार पाकिटं आणली. पाकिटात तो एवढुसाच दिसत होता, म्हणून (कमी पडायला नको, हे माहेरचं वळण) चारी एकदम उकळत्या पाण्यात ओतली. पातेलं भरलं. मग दुसरं भरलं. मग मी कुकर काढला. पोरी आल्या, केक खाल्ला, वेफर्स संपवले, पास्ता नुसता चिवडला आणि नाचायला पळाल्या.

आमच्या घरात अन्न टाकत नाहीत. म्हणजे सासूबाई टाकू देत नाहीत. त्या राहतात चाकूरला थोरल्या जाऊबाईंकडं आणि आम्ही राहतो नांदेडला, पण त्यांचा धाक एसटीचं तिकीट न काढता इथवर येतो. सॉस न लावलेला सगळा पास्ता मी डब्यांत भरून फ्रिजमध्ये ठेवला.

पहिल्या दिवशी मोहरी, कढीपत्ता, मिरची आणि शेंगदाण्यांची फोडणी देऊन ह्यांच्या डब्यात दिला. संध्याकाळी डबा रिकामा आला. मला वाटलं, जमलं. (नंतर कळलं, ऑफिसात वाटून टाकला होता.) दुसऱ्या दिवशी येसर आमटीत सोडला. तिसऱ्या दिवशी कुस्करून, ज्वारीचं पीठ आणि कांदा घालून धपाटे लावले.

ह्यांनी धपाटं उजेडाकडं धरलं. "वैशाली, ह्यातून कोन तरी माझ्याकडं बघायलंय."

"खावा गुमान."

"किती राहिलाय अजून?"

"एक डबा."

"मी चाकूरला जाऊन येऊ का चार दिवस?"

त्यांना जावं लागलं नाही. चाकूरच इकडं आलं. रविवारी दुपारी सासूबाई पिशवी घेऊन दारात हजर, गुडघे दाखवायला. आता आमच्यातला मामला सांगायला हवा. लग्नाला अकरा वर्षं झाली, आणि अकरा वर्षांत सासूबाईंनी माझ्या हातच्या एकाही पदार्थाला चांगलं म्हटलेलं नाही. वाईटही म्हणत नाहीत. जेवून झालं की एवढंच म्हणतात, "थोरलीच्या हाताला चव हाय." मी कॉलेजच्या ऑफिसात नोकरी करते, तिथं माझ्या शब्दाला मान आहे, पण ते वाक्य ऐकलं की घास गिळवत नाही. एकदा तरी त्या तोंडून माझं कौतुक ऐकायचं, एवढीच माझी इच्छा होती.

फ्रिज उघडून त्यांनी तो डबा बघितला असता तर कौतुक राहिलं बाजूला, शिळं साठवते म्हणून गावभर बोंब झाली असती. मी घाईघाईनं तुरीचं वरण शिजवलं, चिंच, गूळ, लसणाची झणझणीत फोडणी घातली, त्यात उरलेला सगळा पास्ता ढकलला आणि ताटात वाढून म्हटलं, "वरणफळं केलीत, आई."

सासूबाईंनी एक घास खाल्ला. थांबल्या. एक शंख बोटावर घेतला, चष्मा पुसला आणि पुन्हा बघितला.

"फणीवर वळलीस?"

आमच्याकडं लग्नासाठी कणकेचं वळवट करतात. हाताने वळलेले बारीक गव्हले, नखानं दाबलेल्या नखुल्या, आणि कंगव्यावर म्हणजे फणीवर दाबून रेघा उठवलेल्या फणुल्या. एकेकाळी सासूबाईंच्या फणुल्या बघायला बायका यायच्या. आता त्यांची बोटं वळत नाहीत.

"एका मापाच्या हायत सगळ्या," त्या म्हणाल्या. आवाज जरा ओलाच झाला होता. "मला सुदिक असं जमलं न्हाई कधी. बन्सी गव्हाचा रवा का?"

खरं सांगायला मला पुरेसा वेळ होता, हे मी प्रामाणिकपणे कबूल करते.

"हाव," मी म्हटलं.

समोर बसलेल्या ह्यांना जोराचा ठसका लागला.

"थोरलीला जमायचं न्हाई हे," सासूबाई म्हणाल्या, आणि मला लाज वाटायच्या आधी आनंद झाला. इतका, की मी त्यांना आणखी दोन पळ्या वाढल्या. हात धुवायच्या आधी त्यांनी चाकूरला फोन लावला. जाऊबाईंच्या लेकीचं लग्न महिन्यावर आलं होतं. "वळवटाची फिकीर करू नको. धाकटी करायलीय."

महिनाभर मी खरंच प्रयत्न केला. रोज ऑफिसातून आल्यावर कंगवा आणि कणीक घेऊन बसायची. शंख काही होईना, चेंगरलेले चिंचोके मात्र पुष्कळ झाले. शेवटी वेगवेगळ्या तीन दुकानांतून दोन किलो पास्ता आणला, स्टीलच्या डब्यात ओतला, वरून चिमूटभर पीठ भुरभुरलं (हाताचं काम वाटायला) आणि चाकूर गाठलं.

डबा उघडला आणि अंगणात जमलेल्या बायका वाकून बघायला लागल्या. सासूबाई खाटेवर ताठ बसल्या होत्या. डबा हातोहात फिरला. जाऊबाईंनी एक शंख दाताखाली धरून बघितला, माझ्याकडं बघितलं आणि कणकेची परात नि लाकडी फणी माझ्यापुढं सरकवली.

"दाखव की आम्हाला बी. कसं करायलीस?"

पंधरा-वीस बायका पुढं सरकल्या. मी गोळी घेतली, फणीवर ठेवली, दाबली. ती फणीलाच चिकटली. दुसरी नखानं सोडवली तर तिचे दोन तुकडे झाले. तिसरी कशीबशी सुटली आणि ताटात पडली. तिच्याकडं सगळ्यांनी बघितलं. सासूबाईंनीही. मग त्यांनी डब्याकडं बघितलं. मग माझ्याकडं. मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. अकरा वर्षांनी मिळालेलं कौतुक एका महिन्यात, तेही जाऊबाईंच्या अंगणात, सगळ्यांसमोर जाणार होतं.

सासूबाई उठल्या. दुखऱ्या गुडघ्यांनी चालत आल्या आणि माझ्यापुढची परात बाजूला सरकवली.

"तिला कशाला वळायला लावायलाव? नवस हाय तिचा. लग्नघरात कणकेला हात लावायचा न्हाई. महादेवाला बोललीय ती."

"आता तर लावला की," जाऊबाई म्हणाल्या.

"म्हणून तर बिघडलं," सासूबाई म्हणाल्या. बायकांनी माना डोलवल्या. एकीनं तर देवाला हात जोडले.

मग त्यांनी मला स्वयंपाकघरात नेलं आणि दार लोटलं. मी पाया पडायच्या तयारीतच होते.

"दुकानात मिळतं?"

"हाव."

"कुनाकुनाला म्हाईत हाय?"

"ह्यांनाच फक्त. आई, मी तुम्हाला सांगणारच होते..."

"आता सांगून काय उपेग? महिनाभर गल्लीत सांगत फिरले मी, धाकटी माझ्या वरताण निघाली म्हणून. ह्या वयात मी खोटी पडू का?" त्यांनी पदरानं कपाळ पुसलं. "मल्लूला सांग, तोंड बंद ठेव म्हणावं."

मल्लू म्हणजे आमचे हे. ते तेव्हा मांडवाच्या मागं तोंडात रुमाल कोंबून हसत होते.

लग्नात पास्ता रुखवतात मांडला गेला. दुधात, गुळात शिजून पंगतीलाही आला. वरपक्षाच्या मुरुडच्या पाहुण्या बाईंनी दोनदा मागून घेतला आणि त्यांच्या लेकीच्या लग्नासाठी पाच किलोची मागणी केली. मी नाही म्हणायला तोंड उघडलं, तोवर सासूबाईंनी होकार देऊन टाकला होता.

आता चाकूरात, मुरुडात लग्न निघालं की मला फोन येतो. जाऊबाईंच्या हाताच्या चवीचं नावही सासूबाई काढत नाहीत. चार गावांत सुगरण म्हणून माझं नाव झालंय. आता तेवढा स्वयंपाक यायचा राहिलाय.