विहीणबाईंसमोर बुजवलेला मोर

कच्छच्या रणात जाऊन मी एक मोर मारला. दिवसाढवळ्या, नवऱ्याच्या डोळ्यांदेखत, आणि विहीणबाईंनी त्याचं मोबाइलवर शूटिंग केलं. (मोर मातीचा होता. लगेच वनखात्याला फोन लावू नका!)

आमचं घर उंद्रीचं, पुण्याजवळच्या नव्हे, आमच्या वऱ्हाडी खेड्याचं. हे शेती पाहतात, आणि मी जिल्हा परिषदेच्या शाळेत जन्मभर पोरं हाकून निवृत्त झाले. आमच्या निखिलचं लग्न पुण्याच्या सायलीशी झालं आणि सुनेसोबत तिची आई, शरयूताई, आमच्या वाट्याला आल्या. बाई सालस. नाव ठेवायला जागा नाही. तरी मी शोधलीच. लग्नात माझं बोलणं ऐकून त्या म्हणाल्या होत्या, "अय्या, किती गोड आहे हो तुमची भाषा!" आता असल्या 'गोड'चा अर्थ मास्तरणीला कोण शिकवणार? गणितात भोपळा आणणाऱ्या पोराला आम्ही म्हणायचो ना, "अक्षर मात्र छान आहे हं तुझं," तसलं ते गोड! तेव्हापासून मी मनाशी पक्कं केलं होतं, या बाईला एकदा तरी तोंडात बोट घालायला लावायचं.

मग सुनेनं बेत काढला, दोन्ही घरांनी मिळून कच्छला जायचं. मी खूश झाले. पण भुजला उतरल्यापासून विहीणबाईच सुसाट! कापड दिसलं की बोटांनी चाचपायच्या आणि सांगायच्या, "हे अजरख. दोन्ही बाजूंनी छापलंय, बघा." बांधणी पाहिली की तिच्या गाठी कशा बांधतात ते सांगायच्या. मी आपली मागून "हो का? हो का?" करत चाललेली. जन्मभर दुसऱ्यांना शिकवलेल्या बाईला असं मागच्या बाकावर बसायची वेळ यावी!

त्यात आमच्या यांनी कहर केला. पांढऱ्या रणात लोक सूर्यास्ताकडे पाहून हळवे झालेले, आणि हे खाली वाकून जमीन चाटून पाहतात!

"खारट हाय वं," हे म्हणाले. "एवढं मीठ उघड्यावर पडून राह्यलं! कैऱ्या आणल्या असत्या तं वर्षाचं लोणचं इथंच घालून नेलं असतं."

विहीणबाई ओढणी तोंडाला लावून हसल्या. मी यांचा दंड असा चिमटला की उरलेला सूर्यास्त त्यांनी दंड चोळत पाहिला.

दुसऱ्या दिवशी आम्ही एका खेड्यात गेलो. गोल गोल मातीची घरं. त्यातल्या एका अंगणात जीवीबेन नावाची बाई भिंतीवर लिंपणकाम करत होती. माती आणि शेण कालवून भिंत लिंपायची, त्यावर मातीच्या बारीक वळ्यांनी वेलबुट्टी काढायची आणि ओल्यातच छोटे गोल आरसे दाबून बसवायचे. जीवीबेनच्या मुलीचं लग्न होतं, दुसऱ्याच दिवशी वऱ्हाड यायचं होतं, आणि नवरा-नवरी त्याच भिंतीपुढं बसणार होती. आम्हाला पाहून जीवीबेन हसली, हात धुतले आणि "चाय लाती हूं" म्हणत आत गेली. निखिल आणि सायली उंटाचे फोटो काढायला पळाले. अंगणात राहिलो आम्ही तिघं, भिंत, आणि कालवलेल्या मातीचं घमेलं.

माती! शेण! भिंत! अहो, हा तर माझा विषय! माझं माहेर बीबी गावचं. तिथं माझ्या हातचं सारवण पाहायला बाया येत. (बाया म्हणजे आमची आत्या. पण ती परत परत येई.) उंद्रीच्या घरात लग्नाआधीपासूनच फरशी आहे आणि घरातलं शेवटचं सारवण मी वेणीत रिबिनी बांधायच्या वयात केलं, हा मुद्दा त्या घडीला मला आठवला नाही. मला दिसली ती फक्त भिंतीच्या खालच्या अंगाला पडलेली एक भेग.

"बाप्पा! भेग पडून राह्यली!" मी बाह्या सारल्या. "थांबा ताई, दाखवते तुम्हाला."

"अहो, त्यांना विचारायचं का आधी?" विहीणबाई म्हणाल्या.

"विचारायचं काय त्यात? लगीनघर आहे. तेवढाच तिच्या हाताला आधार."

मी गोळा उचलला. भेग झटक्यात बुजली. आणि काय सांगू, हाताला ती ओली माती लागली आणि माझं अख्खं माहेर अंगात आलं! मनगट आपोआप फिरायला लागलं. तोंड तर त्याच्याही पुढं. पाणी किती घालायचं, शेण कोणत्या जनावराचं चांगलं, सारवताना बोटं कशी उमटली पाहिजेत, मी सांगत सुटले. विहीणबाईंनी चक्क मोबाइल काढला आणि शूटिंग सुरू केलं! अख्ख्या प्रवासात पहिल्यांदा ही बाई माझ्याकडून शिकत होती. मी मान वळवून त्यांच्याकडं पाहत बोलत होते. भिंतीकडं कशाला पाहायचं? हात शिकलेला होता.

मधूनच हाताला मातीच्या गुठळ्या लागायच्या. त्या मी चोपून सपाट केल्या. काही गुळगुळीत खडेही लागले. ते अंगठ्यानं पार आत दाबले.

"अवं," बाजेवर पडलेले हे म्हणाले, "ते त्या भिंतीवरचं..."

"तुमी गप बसा!"

थोड्या वेळानं पुन्हा, "अवं, पण त्याची मान..."

"काल जमीन चाटली तेवढी पुरे! आज बोलू नका."

मी शेवटचा हात मारला, मागं सरकले आणि भिंत पाहिली. अशी गुळगुळीत, अशी सारखी, की आत्यानं माझी अलाबला घेतली असती!

तेवढ्यात जीवीबेन चहा घेऊन आली आणि उंबऱ्यातच थांबली. मी कौतुकाची वाट पाहत उभी.

"कैसा हुआ?" मी विचारलं.

"मोर किधर गया?" ती म्हणाली.

मी छपराकडं पाहिलं. झाडाकडं पाहिलं. "कौनसा मोर? हमने तो नहीं देखा."

जीवीबेननं चहा खाली ठेवला आणि भिंतीकडं बोट केलं.

"यहां था मोर! मेरी बेटी का मोर!"

"छे! यहां कुछ नहीं था!" मी ठासून सांगितलं. (शाळेत आवाज चढवला की खोटंही खरं वाटतं, ही जुनी सवय.) "ताई, तुम्ही सांगा बरं, होता का मोर?"

विहीणबाईंनी मोबाइल पुढं केला. त्यात मी होते, ऐटीत बोलत होते, आणि माझ्या हाताखाली एक सुंदर, आरशांनी चमचमणारा मोर होता. आधी त्याचे पाय गेले. मग पिसारा गेला.

"पाह्य," हे मागून म्हणाले, "आता मान जाते."

मान गेली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं! उद्या वऱ्हाड येणार, आणि मी त्या पोरीच्या लग्नाची भिंत पुसून ठेवली होती. जीवीबेन मटकन खाली बसली. तिच्या डोळ्यांत पाणी पाहून माझ्याही डोळ्यांत आलं, आणि मातीचे हात असल्यानं पुसताही येईना.

"अहो ताई, पण तुमाले दिसून राह्यलं होतं ना?" मी रडक्या आवाजात विहीणबाईंना म्हटलं. "मग मले थांबवलं काऊन नाही?"

"मला वाटलं ही तुमच्याकडची पद्धत असेल!" त्याही रडकुंडीला आल्या. "आणि खरं सांगू? मला भीती वाटते हो तुमची. लग्नातही काही सुचेना, म्हणून मी आपलं 'भाषा गोड आहे' म्हटलं."

ही बाई मला घाबरत होती! जिला तोंडात बोट घालायला लावायचं म्हणून मी मोर मारला, तिनं ते केव्हाच घातलेलं होतं!

मग मात्र विहीणबाईंनी ओढणी कमरेला खोचली आणि केसातला आकडा काढून भिंतीत रुतलेले आरसे उकरायला बसल्या. जीवीबेन उठली. मी पुढं सरसावले, तर तिनं माझ्या पुढ्यातलं घमेलं ओढून घेतलं आणि हातात पाण्याची बादली दिली.

"आप सिर्फ धोना," ती म्हणाली. "मिट्टी को हाथ नहीं लगाना."

ते माझं पद ठरलं. हे शेण-माती तुडवत होते, निखिल-सायली पाणी आणत होते, विहीणबाईंना बढती मिळून वळ्या वळायचं काम मिळालं, आणि मी कोपऱ्यात बसून आरसे धूत होते. प्रत्येक आरशात माझं तोंड दिसत होतं. दिवस कलता कलता जीवीबेननं नवा मोर उभा केला. पहिल्यापेक्षा जरा लठ्ठ होता. नवरी मुलगी बाहेर आली, मोराकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि खुदकन हसली. मग जीवीबेनही हसली, आणि सकाळपासून निवलेला तो चहा तिनं पुन्हा गरम करून आम्हाला पाजला.

मागच्या महिन्यात विहीणबाईंनी पुण्याहून पार्सल पाठवलं. स्वतः शिकून केलेला लिंपणकामाचा मोर, लाकडी फळीवर. यांनी तो बैठकीत पार छताजवळ टांगला.

"एवढ्या वर कशाले टांगता?" मी म्हटलं. "पाहुण्याले दिसन तरी का?"

"नाही दिसला तरी चालन," हे म्हणाले. "तुहा हात पोचला नाही पायजे."

चूक माझीच होती. पण काल खालून नीट पाहिलं, तर मोराच्या शेपटीपाशी एक बारीकशी भेग दिसते आहे. शेजारून स्टूल मागवलं आहे.