पंधराव्या पुस्तकाचा खून

आमच्या शारजाच्या फ्लॅटमध्ये एका पुस्तकाचा खून झाला आणि खुनी मी आहे.

मेलेलं पुस्तक एका आयरिश डिटेक्टिव्ह मालिकेतलं पंधरावं. ही मालिका म्हणजे माझं व्यसन! (शारजात दारूबंदी, दुसरं व्यसन मिळतही नाही.) त्यातलं गाव थेट आमच्या वसईसारखं: चर्च, फादर, बांधावरून भांडणं, आणि कोणाच्या घरी काय शिजलं ते गावभर ठाऊक. इन्स्पेक्टर दर पुस्तकात थोडा म्हातारा होतो, जिना चढताना गुडघा धरतो. घरी आला की सगळी केस बायकोला सांगतो. ती बटाटे सोलता सोलता एकच प्रश्न विचारते आणि खुनी सापडतो! पंधरावं पुस्तक तर मी दोनदा विकत घेतलं. पहिली प्रत मम्मीच्या मयताला वसईला गेलो, त्या गडबडीत कुठेतरी राहिली. अपुरा सेट कपाटात ठेवणं मला जमत नाही.

पंचाईत एवढीच, की पंधराव्यात ती बायको मरते.

मम्मी जाऊन वर्ष झालं आणि पप्पा शारजाच्या अल नहदा भागात आमच्याकडे थोडे दिवस राहायला आले. मम्मी कोळंबी सोलायची आणि पप्पा शेजारी बसून तिला दिवसभराचं सगळं सांगायचे, ही त्यांची जन्माची सवय. म्हणून मी आणि माझी बायको शेरलने ठरवलं होतं, त्यांच्यासमोर मम्मीचा विषय काढायचाच नाही. पप्पांनी मालिकेतलं पहिलं पुस्तक उघडलं तेव्हा मला हायसं वाटलं. मन तरी रमेल! पण दुसरं अर्ध्यावर आलं असताना त्यांनी विचारलं, "विल्सन, पंधरावं कुठाय रे?"

"पप्पा, तुम्ही अजून दुसऱ्यावर आहात! घाई कशाला?"

"घाई नाही. काल कपाटात होतं, आज नाही, म्हणून विचारलं."

आज ते तांदळाच्या डब्यात होतं. संध्याकाळी शेरल किचनमधून ओरडली, "विल्सन, बिर्याणीत हे पण घालायचंय का?" मी ते शर्टाखाली दडवून गाडीच्या डिकीत नेऊन टाकलं. दुसऱ्या दिवशी पप्पा म्हणाले, "चाव्या दे, डिकीतली पाण्याची बाटली आणतो." (हा माणूस जन्मात कधी डिकीतलं पाणी प्यायला नव्हता!) मी अनवाणी खाली धावलो आणि पुस्तक परत शर्टाखाली घातलं. लिफ्टमध्ये शेजारचे काका म्हणाले, "हबीबी, सब ठीक?" मी म्हटलं, "इन्शाल्ला!"

वर आलो तर पप्पांनी चौकशी सुरू केली होती. साक्षीदार माझी लेक, जेनी.

"डॅड टुक इट, ग्रँडपा! ही वॉज वॉकिंग सो फनी!"

शेवटी मी ते पाहुण्यांच्या रजईच्या खोळीत, अगदी तळाशी कोंबलं. तिथे इन्स्पेक्टरसुद्धा पोचला नसता. शेरल मात्र पोचली. तिने ती रजई खोळीसकट वॉशिंग मशीनमध्ये घातली, तीही गरम पाण्यात!

मशीन धडाधड उड्या मारू लागलं तेव्हा सगळे धावलो. दार उघडलं तर लगदाच लगदा! शेरलने कपाळावर हात मारला. "खलास! विल्सन, तुला वेड लागलंय का?"

पप्पांनी ओलं मुखपृष्ठ उचललं, बोटांनी सारखं केलं. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "ती मरते, म्हणून लपवलंस ना?"

"तुम्हाला कसं माहीत?"

"वाचलंय. मम्मीच्या वेळी आलास तेव्हा उशाशी विसरून गेला होतास. तू गेल्यावर घरात कोणी नव्हतं. दोन रात्री तेच वाचत होतो."

"मग आता परत पहिल्यापासून?"

"पहिल्यात ती आहे ना," पप्पा म्हणाले. "बटाटे सोलत बसलीय. पंधरावं शोधत होतो ते तुझ्याशी बोलायला. दुसरं कोणी वाचलेलं नाही रे. आणि तुम्ही तर तिचं नावसुद्धा काढत नाही."

यावर मी काय बोललो असेन? "पप्पा, चहा टाकू?"

त्यांनी चहा घेतला. पुढच्या आठवड्यात व्हिसा संपला आणि ते वसईला परतले. बोलायचं राहूनच गेलं, आणि ते अजून माझ्या मनाला खातं.

मी मागवलेली नवी प्रत आली, तेव्हा त्यांचं विमान उडालं होतं. ही तिसरी! एकाच पुस्तकाच्या तीन प्रती विकत घेऊनही घरातली एकमेव केस सोडवता न आलेला डिटेक्टिव्ह अख्ख्या आयर्लंडमध्ये मिळायचा नाही. तो अल नहदाला राहतो.