पुरसोशी वाद

पेडण्याच्या बाजारातला पुरसो शिंपी गिऱ्हाइकाचे माप मोठ्याने सांगत असे. गावच्या जमीनदाराची, भाटकाराची, कंबर वाढली, तर ती दुकानातल्या सर्वांना कळे. कोणी ओशाळला, तर म्हणे, "माप लपयल्यार सदरो बसना."

ते गोव्यातल्या राजभाषेच्या आंदोलनाचे दिवस होते. सारा बाजार मराठीचा. पुरसो एकटा कोकणीचा. मी शाळेत मराठी शिकवीत असे आणि शाळा सुटल्यावर त्याच्या बाकावर बसून त्याच्याशी भांडत असे. तो टोचून म्हणे, "मास्तर, तुमी शांत आसल्यार मराठी उलयता. राग आयलो की कोकणी."

पुढे पोटदुखीसाठी त्याला पणजीला नेले. कॅन्सर होता, उपचारापलीकडे गेलेला. हे डॉक्टरांनी त्याच्या मुलाला, दामूला, सांगितले. बाबांना कळता कामा नये, ते धास्तीनेच जातील, असे दामू बाजारभर विनवून आला.

बाजाराने त्याचे ऐकले, फार ऐकले. पुरसो परतला तेव्हा त्याला विरोधकच उरला नव्हता. चहावाला कोकणीचे गुण गाऊ लागला. कोकणीच राजभाषा व्हावी, असे भाटकार दुकानात येऊन सांगून गेला. पुरसो मान खाली घालून शिवत राहिला. त्याची अन्नावरची वासना उडाली.

एका संध्याकाळी त्याने मला थांबवून घेतले. "सगळे माज्या बाजून जाले, मास्तर. माका कितें जालां?"

मी रोगाचे नाव सांगितले. औषध केवळ कळा कमी करील, हेही सांगितले. त्याने गळ्यातली मापाची पट्टी काढून सावकाश गुंडाळली.

"चवथ मेळटली?"

गणपतीला अद्याप अवकाश होता. मला ठाऊक नाही, असे मी म्हणालो.

गुंडाळलेली पट्टी बाजूला ठेवून तो म्हणाला, "बरें केलें. आतां झगडा."

दुसऱ्या दिवशी त्याने न शिवलेली कापडे ज्याची त्याला परत केली, कारणासह. त्या रात्री तो पोटभर पेज जेवला, असे शेजाऱ्यांकडून कळले. दामूने माझ्याशी बोलणे टाकले. गिऱ्हाइकेही बाकावर टेकेनाशी झाली. आपला शेवट ठाऊक असलेल्या माणसाशी काय बोलावे, हे कोणाला उमगेना. उरलो आम्ही दोघे. रोज भांडलो. शेवटी त्याचा आवाज गेला, तेव्हा तो नुसते बोट हलवून माझा मुद्दा खोडीत असे.

चवथ त्याला मिळाली नाही. स्मशानात दामू माझ्याकडे पाठ करून उभा होता.

पुढे कायदा झाला आणि कोकणी राजभाषा झाली. ती बातमी ऐकून मी तडक दुकानाकडे निघालो. वाटेत त्याला ऐकवायला सुचले ते सारे कोकणीत सुचले. दुकान बंद होते. काही वेळ बाकावर बसून मी घरी आलो.