साडेसातची रिकामी ओळ

बस डेपोत तिला सगळे टायमिंगताई म्हणत. कुठली गाडी कधी सुटणार, कुठला ड्रायव्हर कधी जेवायला जाणार, सगळं तिच्या टेबलावर ठरायचं. बाई नाकावर माशी बसू द्यायची नाही. दोन गाड्या एकामागोमाग स्टॉपवर लागल्या, की कंट्रोलरची काही धडगत नसे.

आणि आता गंमत बघा. हीच बाई स्वतःच्या जेवणाच्या बाबतीत बावीस वर्षं बेशिस्त. दिवसभर डेपोत मिळेल तेव्हा, मिळेल ते, मिळेल तेवढं. शेवटी गुडघ्यांनी संप पुकारला, साखर वाढली, डेपोचा जिना चढताना धाप लागायला लागली. डॉक्टरांनी वजन कमी करायचं ऑपरेशन सांगितलं. झालं एकदाचं. पोट उरलं लहानशा वाटीएवढं.

घरी आल्यावर पहिलं काम काय केलं असेल? स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दारावर तक्ता चिकटवला. सात वाजता पाणी, तेही घोट घोट. आठला उकडलेलं अंडं. साडेदहाला दही. गोळ्यांनाही वेळा. जेवणाआधी अर्धा तास आणि नंतर अर्धा तास पाणी प्यायचं नाही, असं आहारतज्ज्ञ बाईंनी सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे दोन गाड्यांत अर्ध्या तासाचं अंतर. कळलं." आधी नुसतं पातळ, मग मऊ, चौथ्या महिन्यापासून साधं जेवण. घास पंचवीस वेळा चावायचा आणि पोट भरल्यासारखं वाटलं की तिथेच थांबायचं. सगळं तिने डोळ्यांत तेल घालून पाळलं. पुढे तक्त्यात आणखी एक ओळ आली, ती मात्र रिकामी. संध्याकाळी साडेसात.

ती का रिकामी, ते सांगायला हवं. तिचा नवरा कुलपं दुरुस्त करणारा. बोलायला कमी, हाताने हुशार. लग्नानंतरच्या पहिल्या आठवड्यात त्याने हौसेने भाजी केली, तीत मीठ एवढं पडलं की दोघांची तोंडं वाकडी झाली. तेव्हापासून साडेसातला जेवायला बसलं, की तो पाव मोडायचा, त्यात भाजी भरायचा आणि पहिला घास तिच्या ताटात ठेवायचा. "चेकिंग कर," म्हणायचा. ती म्हणायची, "अहो, आधी माझा विमा काढा!" बावीस वर्षं हाच विनोद. एकदाही शिळा झाला नाही.

ऑपरेशन झालं आणि ते बंद पडलं. तिच्यासमोर काही चमचमीत आणू नका, एवढंच डॉक्टर म्हणाले होते. ह्या शहाण्याने तिच्यासमोर खाणंच सोडलं. रात्री आठला यायचा, "दुकानातच खाल्लं गं," म्हणायचा आणि बादली भरत बसायचा. घरात कांदा परतल्याचा वाससुद्धा येईना. फ्रीजमध्ये तिच्या चिमुकल्या डब्या तेवढ्या. दोघांच्या टेबलावर ती एकटी बसायची आणि समोरच्या फरशा मोजत पंचवीस वेळा चावायची.

भूक म्हणाल, तर भूक नव्हती. पण समोरच्या खुर्चीवर पाव मोडणारे ते काळवंडलेले हात दिसावेत म्हणून तिचा जीव तुटायचा. एकदा तिने आहारतज्ज्ञ बाईंना हळूच विचारलं, "एक घास, नखाएवढा, भाजी-पावाचा चालेल का?" बाई म्हणाल्या, "आता चालेल. पण तक्त्यात लिहा, आणि नीट चावा." घरी येऊन तिने साडेसातची ओळ आखली. पुढे काही लिहिलं नाही. तो विचारेल, मग सांगू.

त्याने विचारलंच नाही. रोज तक्त्यासमोरून जायचा, पण शब्द नाही. चाळीस किलो उतरले, डेपोत जो तो कौतुक करत होता, आणि हिच्या मनात भलतंच. ह्या माणसाला आता माझ्यासमोर बसायचंच नाही का? विचारायची हिंमत होईना. तो हो म्हणाला तर काय करायचं?

मग एका दुपारी मिशीवाला ड्रायव्हर ड्युटीचा कागद घ्यायला आला आणि हसत म्हणाला, "काय ताई, भावजींना घरी जेवायला घालत नाही वाटतं? रोज शेवटच्या स्टॉपच्या बाकावर एकटेच डबा खात बसलेले असतात."

म्हणजे दुकान नाही, मित्र नाहीत, कोणी नाही.

संध्याकाळी आपली डबी घेऊन ती शेवटच्या स्टॉपवर उतरली. तो बाकावरच होता, मांडीवर खानावळीचा डबा. तिला पाहिलं आणि चोरी पकडल्यासारखं त्याने घाईघाईने झाकण लावलं.

"उघडा तो डबा."

"अगं, तुला त्रास नको म्हणून..."

"त्रास? चार महिने मी एकटी जेवतेय, त्याचा होत नाही?"

तो बुटांकडे बघत हळूच म्हणाला, "तू इवलंसं खाणार आणि मी समोर पाव हाणणार. घास घशाखाली उतरत नाही गं माझ्या."

"आणि माझा उतरतो असं वाटतं तुम्हाला?" ती शेजारी बसली. "ती साडेसातची ओळ तुमच्या घासासाठी ठेवलीय. विचारून आलेय मी. नखाएवढा चालतो."

त्याने तिच्याकडे पाहिलं. झाकण काढलं, पाव मोडला, त्यात बटाटा भरला. "एवढा?"

"लहान करा."

"एवढा?"

"अहो, नख बघा माझं!"

तेवढा तुकडा त्याने तिच्या डबीच्या झाकणावर ठेवला. "चेकिंग कर," म्हणाला. ती चावत होती, तो ओठांतल्या ओठांत मोजत होता. पंचवीस झाले तरी तिने गिळला नाही. तिसापर्यंत गेली.

"मीठ?" त्याने विचारलं.

"बरोबर आहे. खा आता. मी बघते."

मिशीवाल्याची गाडी येऊन थांबली. तिने हातानेच पुढे जायला सांगितलं. पुढची वीस मिनिटांनी होती, तिनेच लावलेली. तो जेवत होता, नेहमीसारखे मोठे मोठे घास घेत, आणि ती प्रत्येक घास बघत होती. तिला अजून एक हवा होता. फार हवा होता. तिने डबीचं झाकण घट्ट लावलं.

"उद्या घरी," ती म्हणाली. "साडेसात. उशीर केलात तर मेमो देईन."