सहा हजार एकशे चाळीस मावश्या

घरातला नळ गळतो, एवढंच मावशीनं सांगितलं होतं. महिन्याभरात चौकात सरकारी ट्रक येऊन उभा राहिला आणि त्यातून सहा हजार एकशे चाळीस वायसर उतरले, दर घराला एक. त्या दिवसापासून प्लंबर तिच्याशी बोलेनासा झाला.

ती खरी मावशी एकाच मुलीची, पण सगळी वस्ती तिला मावशीच म्हणे. वजनमापं तपासण्याच्या खात्यात तिनं एकतीस वर्षं काढली होती. दुकानात शिरली की आधी तराजूच्या काट्याकडे बघायची, दुकानदाराच्या तोंडाकडे नंतर. नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं. थोरली बहीण गेल्यावर तिची मुलगी हिनंच वाढवली. ती भाची आता वस्तीतल्या शाळेची मुख्याध्यापिका होती आणि वरच्या खोलीत राहत होती. दोघींचा एकमेकींवर फार जीव, पण स्वयंपाकावरून रोज खटके उडत, म्हणून चुली वेगळ्या.

मावशी निवृत्त झाली त्याच वर्षी आकडेवारी खात्याचा गणक दारात उभा राहिला. पन्नाशीचा, घाम पुसणारा, काखेत पुठ्ठ्याची फाइल. नमुना पाहणीत तुमचं घर निघालंय, म्हणाला. पूर्वी वस्तीतली तीस घरं विचारत. मग खात्यातली माणसं कमी झाली, तशी घरं दहा झाली, मग तीन, आता एक. फॉर्मच्या उजव्या कोपऱ्यात त्यानं आकडा लिहिला, ६१४०. हा गुणक. मावशी जे सांगेल त्याला मुख्यालयात या आकड्यानं गुणायचं, की वस्तीची आकडेवारी तयार.

मावशी खरं तेच सांगायची, आणि तेच सगळ्यांना भोगावं लागायचं. जिना चढताना गुडघा धरतो, असं ती बोलून गेली तर घरोघर जिन्याचे कठडे आले. ज्यांच्याकडे जिनाच नव्हता त्यांनी ते अंगणात रोवले आणि त्यांच्यावर कपडे वाळत घातले. हळूहळू लोक तिच्या पायऱ्यांवर येऊन बसू लागले. समोरच्या शिंपीणबाईंनी तिला गळ घातली, की संध्याकाळी दिसत नाही म्हणून सांगा ना, गल्लीत दिवे येतील. मावशी म्हणाली, दिसायचं बंद झालं की नक्की सांगेन.

आणि मग शाळेला पत्र आलं. या भागात एकही मूल राहत नाही, असं पाहणीत आढळलं होतं. रहिवासी सहा हजार एकशे चाळीस, सगळ्या स्त्रिया, सगळ्या विधवा, सगळ्यांचं वय त्रेसष्ट, सगळ्या वजनमाप खात्यातून निवृत्त. तेव्हा शाळा बंद करण्यात येत आहे. पत्र घेऊन आलेल्या साहेबांना ते वाचून दाखवताना आवाज चढवावा लागला, कारण मधली सुट्टी झाली होती आणि चारशे बारा मुलं आवारात बोंबलत होती. साहेब म्हणाले, ही दिसतात खरी, पण आकड्यांत नाहीत. पुढच्या पाहणीत मुलं निघाली तर बघू. नाहीतर मुख्याध्यापिकांची बदली जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, नऊ तासांवर.

त्याच संध्याकाळी मावशीच्या पुढच्या खोलीत वस्ती जमली. महिन्यातले निम्म्याहून जास्त दिवस जे माणूस ज्या घरात जेवतं ते त्या घरचं, असा खात्याचा नियम होता. शिंपीणबाईंनी आपली धाकटी लगेच देऊ केली, नाहीतरी ती घरचं काही खात नाही म्हणाल्या. पण भाचीनं गुणाकार केला. एक मूल ठेवलं तर वस्तीत सहा हजार एकशे चाळीस मुलं होणार, शाळा अपुरी ठरणार आणि मोठी बांधायची म्हणून हीच पाडणार. हिशेब बरोबर यायला मावशीकडे एका मुलाचा पंधरावा हिस्सा राहायला हवा होता.

"म्हणजे महिन्यातून दोन दिवस," प्लंबर भिंतीकडे बघून म्हणाला. वायसर आल्यापासून तो या घरात पहिल्यांदाच बोलत होता. पण दोन दिवसांचं मूल नियमात बसत नव्हतं.

लोक गेल्यावर भाची मागे रेंगाळली.

"मावशी, घरात एक मूल आहे म्हणून सांग. शाळा पाडली तर पाडली, बांधून होईपर्यंत मी इथं तरी राहीन. नऊ तासांवरून तुझ्याकडे कोण बघणार?"

मावशीनं तिच्या पाठीवरून हात फिरवला, पण हो म्हणाली नाही. त्या रात्री तिला जेवण गेलं नाही.

ठरल्या दिवशी गणक आला. सातवा प्रश्न, घरातली मुलं. भाची जिन्यात उभी राहून ऐकत होती.

"नाहीत," मावशी म्हणाली.

जिन्यातली पावलं वर गेली. गणकानं शून्य लिहिलं, कोपऱ्यात ६१४० लिहिलं आणि सहीसाठी फॉर्म पुढे केला. मावशीनं चष्मा लावला. सही करण्याआधी कागद वरपासून खालपर्यंत वाचायचा, ही खात्यातली सवय. कोपऱ्याशी येऊन ती थांबली. ही सही कशाबद्दल, तिनं विचारलं. तुमच्या घराच्या माहितीबद्दल, तो म्हणाला.

"मग माझं घर एक आहे."

तिनं ६१४० वर आडवी रेघ मारली, शेजारी १ लिहिला आणि खोडलेल्या जागी छोटी सही केली. गणकाला घाम फुटला. त्या कोपऱ्याला आजवर कोणी हात लावला नव्हता. त्यानं नियमावली काढून दोनदा वाचली. माहिती देणाऱ्यानं सहीनिशी केलेली दुरुस्ती ग्राह्य धरावी, असं तिच्यात होतं. कोपरा सोडून, असं कुठंही नव्हतं.

मुख्यालयात हाहाकार उडाला. एका वस्तीतली सहा हजार एकशे एकोणचाळीस घरं एका महिन्यात नाहीशी झाली होती. नदीत पाणबुडे उतरले. डोंगर खचला का म्हणून विचारणा झाली, डोंगर नव्हताच. शेवटी आकडेवारीचे मोठे साहेब स्वतः आले आणि गल्लीतल्या गर्दीतून वाट काढत मावशीच्या दाराशी पोचले. उरलेली घरं कुठं गेली, याबद्दल आपल्याला काही कल्पना आहे का, त्यांनी अदबीनं विचारलं.

"दारं वाजवून बघा," मावशी म्हणाली.

अकरा गणक तीन आठवडे दारं वाजवत फिरले. मुलं इतकी निघाली की शाळा राहिलीच, वर दुसरी हवी असं ठरलं. बदली रद्द झाल्याचं पत्र घेऊन भाची धावत खाली आली. मावशीनं ते वाचलं, डोळे पुसले आणि घरं एकूण किती भरली ते विचारलं.

"सहा हजार एकशे अठ्ठावीस. का गं?"

मावशी ताठ बसली.

"इतकी वर्षं बारा घरं जास्त तोलत होते हे लोक," ती म्हणाली, आणि तक्रार लिहायला कागद मागितला.